कुत्र्याला बांध शिकवा

(जिल्हा बैठकीतील भाषण. वक्ते खालापूर तालुक्यातील शेतकरी आहेत. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून छापले आहे.)



या बैठकांत कापसाच्या भावावर बोलणे झाले, कर्जावर झाले, विजेच्या बिलावर झाले. आज मला सांगितले आहे, कुत्र्यावर बोला. मागे बसलेली मंडळी हसताहेत. हसून घ्या, आणि मग मला एवढे सांगा : तुमच्या गावात आज गुरे कोण वळतो?

पूर्वी याचे उत्तर सोपे होते. घरातला आठ-दहा वर्षांचा पोरगा वळायचा. नाहीतर गावाचा गुराखी, तुमच्याकडे काही भागांत त्याला गायकी म्हणतात, तो सकाळी हाळी द्यायचा आणि सगळ्या दावणी त्याच्या मागे निघायच्या. आता पोरगा शाळेत आहे आणि त्याने तिथेच असले पाहिजे. त्याला परत गुरांमागे पाठवा असे सांगायला मी आलेलो नाही. गुराखी शहराकडे गेला. मग राहिले कोण? गुडघे धरलेला म्हातारा, आणि वेचणीच्या ओळीतून घडीघडी उठून ‘हर्र, हर्र’ करत धावणारी बाई. त्या धावण्यात तिचे किती किलो वेचणे बुडते, ते कोणी तोलत नाही. हमीभाव काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतो असे सरकार सांगते. ‘ए-टू अधिक एफ-एल’ असे त्याचे नाव. त्यात हे धावणे कोणत्या रकान्यात लिहितात, ते साहेब लोकांनी एकदा बांधावर येऊन दाखवावे.

विदर्भात पिढ्यान् पिढ्या हे काम गोवारी जमातीने केले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपली मागणी घेऊन नागपूरला विधिमंडळावर गेलेल्या त्या लोकांपैकी ११४ जण चेंगरून मेले. त्यात बाया आणि लेकरे जास्त. आज नागपुरातल्या एका उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. गुरे वळण्याच्या कामाला मात्र ना तेव्हा कोणी किंमत लावली, ना आज लावतो.

मी खालापूरचा. बोरघाटाच्या पायथ्याशी आमचा तालुका, एका अंगाला खोपोली, एका अंगाला कर्जत. पाऊस उदंड आणि पीक भाताचे. कोरडवाहू कापूस-ज्वारी करणाऱ्या तुम्हाला मी शेती काय शिकवणार? पण आमचे एक दुखणे तुमच्या ओळखीचे आहे. भात कापला की त्याच ओलीवर आम्ही वाल टाकतो. खत नाही, पाणी नाही, जमिनीतली ओल आणि पहाटेचे दव यांवर येणारे पीक. आणि भात कापला की गुरे मोकळी सोडायची, ही जुनी चाल. गावाने गुरे सोडायची आणि चार जणांनी वाल पेरायचा. मग त्या चौघांनी रात्रंदिवस शेतात बसायचे, नाहीतर वाल विसरायचा. कित्येकांनी तो सोडलाच. तार ओढायला पैसा नाही, कुंपणाला काट्या आणाव्यात तर जंगलखाते उभे. एवढ्या पावसाच्या मुलखात आमचे दुसरे पीक पाण्यावाचून जात नाही, राखणीवाचून जाते.

तुमच्याकडे तुरीवरून, हरभऱ्यावरून हेच भांडण होते. इंग्रजाने १८७१ साली कोंडवाड्याचा कायदा केला. पिकात शिरलेले जनावर कोंडायचे, दंड भरून सोडवायचे. दीडशे वर्षांत काय झाले? दंड भरणाराही शेतकरी आणि पीक गेलेलाही शेतकरी. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. थकल्या बैलाचे गिऱ्हाईक गेले. मालकाला तो पोसवत नाही, एका रात्री दावे सुटते, आणि सकाळी तो बैल तुमच्या हरभऱ्यात उभा असतो. या कायद्यावर बोलायला वेगळी बैठक लागेल. आज कुत्र्यावरच राहतो.

राखणे वेगळे, वळणे वेगळे

दिवाळीनंतर आमच्याकडे घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन उतरतात. मोकळ्या खाचरांत आम्ही मेंढ्या बसवून घेतो, शेताला लेंडीखत मिळते, आम्ही त्यांना धान्य-पैसा देतो. पावसाच्या आधी ते परत घाट चढतात. घोड्यावर बिऱ्हाड, जाळीच्या वाघुरीत कोकरे, आणि वाड्याभोवती तीन-चार कुत्री. एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारले, “बाबा, या कुत्र्यांना मेंढरं वळायला कसं शिकवता?” ते म्हणाले, “मेंढरं आम्ही वळतो, पावनं. कुत्रं जागतं.”

हा फरक पक्का ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. धनगराचे कुत्रे राखणदार आहे. पिल्लू महिना-दीड महिन्याचे असल्यापासून मेंढरांत वाढते, त्यांच्यातच झोपते, आणि मेंढरे म्हणजे आपला कळप असे त्याच्या मनात बसते. लांडगा आला की ते भुंकते, आडवे जाते. मेंढरामागे धावणारे कुत्रे धनगर वाड्यावर ठेवत नाही. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांची कुत्रीही अशीच राखणदार. बिबट्याने नरडे धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात.

वळणारे कुत्रे ही वेगळी गोष्ट. लांडगा शिकार कशी करतो? आधी टक लावून बघतो, मग दबकत जातो, मग पाठलाग करतो, मग चावतो, मग मारतो. वळणाऱ्या कुत्र्यात ही साखळी मधेच तोडलेली असते. बघणे आहे, दबकणे आहे, पाठलाग आहे. चावा नाही, किंवा अगदी नावापुरता. इंग्लंड-स्कॉटलंडच्या मेंढपाळांनी अशी कुत्री निवडून निवडून जात घडवली. वेल्समध्ये बाला या गावी १८७३ साली त्यांची शर्यतही भरली होती. ते कुत्रे डोंगरभर पांगलेली मेंढरे फेर घालून धन्याच्या पायाशी आणते. ऑस्ट्रेलियात हॉल नावाच्या जमीनदाराने १८४० च्या सुमारास तिथल्या रानकुत्र्याचे रक्त मिसळून गुरांसाठी वेगळे कुत्रे केले. ते मागून जाऊन टाचेला हलका दात लावते आणि लाथ यायच्या आत जमिनीला चिकटते.

आता तिसरे कुत्रे ऐका, ते आपल्या कामाचे. कर्जतकडे मुंबईकरांची फार्महाऊसे फार. फाटकाला साखळीने बांधलेले एक मोठे कुत्रे असते, जर्मन शेफर्ड. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ. जर्मनीचा धनगर आमच्या कर्जतला फाटकावर बसून पगार खातो! पण १८९९ साली जर्मनीत या जातीची संस्था निघाली तेव्हा हे कुत्रे कशासाठी नावाजले होते? तिथे उभ्या पिकांच्या मधल्या पट्टीत मेंढरे चरायची. कुंपण नाही, तार नाही. कुत्रे नांगराच्या तासावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहायचे. मेंढराचे तोंड तासापलीकडे वळले की ते हजर. मेंढरू आत गेले की कुत्रे पुन्हा तासावर.

भावांनो, हा आपला बांध आहे. आपल्याला डोंगरावरून शंभर मेंढरे गोळा करून आणायची नाहीत. आपल्याकडे दोन बैल, एक गाय, चार-पाच शेळ्या, या बाजूला चरण्याजोगे रान आणि त्या बाजूला उभी तूर. आपल्याला बांध सांभाळणारे कुत्रे पाहिजे. त्यासाठी जर्मनीचे पिल्लू आणायला मी सांगत नाही. तुमच्या ऊन्हात त्या केसाळ जातीचे हाल होतील आणि त्याच्या किमतीत एक शेळी येईल. आपले गावठी कुत्रे काटक आहे. त्याच्यात विलायती कुत्र्याची पिढीजात नजर नाही, म्हणून ते धन्यापासून मैलभर लांब जाऊन एकट्याने काम करणार नाही. माणूस हाकेच्या अंतरावर असेल तर बांध मात्र ते शिकते. मी आमच्या वालाच्या शेतावर शिकवला आहे.

‘हाड’ आणि ‘छू’

आपण आपल्या कुत्र्याला पिढ्यान् पिढ्या दोनच शब्द शिकवले. ‘हाड’ आणि ‘छू’. एक म्हणजे निघून जा, दुसरा म्हणजे तुटून पड. कामाचे सगळे या दोन शब्दांच्या मधे आहे आणि तिथे आपण एकही शब्द ठेवला नाही. मोकाट बैल आला की आपण छू म्हणतो. कुत्रे शेपटी धरते, बैल उधळतो, चार गुंठे पीक खाऊन गेला असता तो दहा गुंठे तुडवून जातो. आणि कुत्र्याला काय कळते? जनावर धरायचे असते. उद्या ते तुमच्याच वासराचा कान धरते, मग आपण त्याला काठीने हाणतो. ज्याला कुत्रे शिकवायचे आहे त्याने ‘छू’ हा शब्द घरातून काढून टाकावा. पोरांनाही बजावावे.

पिल्लू निवडताना आई बघा. जी कुत्री कोंबड्यांमधून सरळ चालत जाते, वासराला हुंगते पण धरत नाही, परक्याला भुंकते पण बाईमाणसाच्या आवाजाने गप्प होते, तिचे पिल्लू घ्या. नर की मादी हा वाद नको. मादी घराला धरून राहते, आणि मोजकी पिल्ले हवीत तर पशुवैद्यकीय दवाखान्यात शस्त्रक्रियेची चौकशी करा. दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नका. चावा किती जोरात बसला की दुसरा कळवळतो, हे ते भावंडांशी खेळताना शिकते, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे.

दोन ते चार महिने त्याला गोठ्याच्या कडेला बांधा. गुरांच्या नजरेसमोर, पण लाथेच्या बाहेर. नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीजवळ अजिबात नको. या वयात जे दिसते, ज्याचा वास येतो, ते त्याला जन्मभर घरचे वाटते. कोंबड्यांमागे लावून गंमत बघणारे पोर असेल तर आधी पोराला शिकवा.

याच काळात चार शब्द. ये, थांब, चल, बास. घरातल्या सगळ्यांनी तेच चार वापरायचे. बापाने ‘थांब’ म्हणायचे, आईने ‘उभा ऱ्हा’, आणि पोराने ‘स्टॉप’, असे झाले तर कुत्र्याने कोणाचे ऐकावे? तिघांचेही ऐकत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. यांत सर्वांत मोठा शब्द ‘थांब’. तो पक्का झाल्याशिवाय जनावरासमोर न्यायचे नाही. जेवणाच्या वेळी शिकवा. भाकरीचा तुकडा हातात, शब्द उच्चारला, पिल्लू जागच्या जागी थांबले की तुकडा तोंडात. मग पंधरा-वीस फुटांचा कासरा गळपट्ट्याला लावून अंगणात. शब्द आधी, मग कासरा हलका आवळायचा, आणि थांबल्याबरोबर सैल सोडायचा. त्याला कळते ते सैल सोडल्यामुळे. गोऱ्हा औताला लावताना तुम्ही हेच करता. नुसते ओढत राहिले तर गोऱ्हाही मान टाकतो. काठीचे काम नाही. मार खाल्लेले कुत्रे धन्याकडे बघत बसते, गुरांकडे बघत नाही.

चार ते सहा महिन्यांत दात बदलतात. तेव्हा ते चपला खाईल, दावी चावेल. हाड द्या, लाकूड द्या, पण दावे चावू देऊ नका. नाहीतर पुढे बैलाचे दावे तोच सोडेल.

तासावरची शिकवण

सहा-सात महिन्यांचे झाले की बांध. बांधाला लागून नांगराचे एक ताजे तास उलथून घ्या. ते तास कुत्र्याच्या डोळ्यांना दिसते, पायाला लागते, नाकाला कळते. कुत्रे तासात, तुम्ही पिकाच्या बाजूने, हातात कासरा. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. टोकाला ‘थांब’. परत फिरायचे. कुत्रे पिकात उतरले की हळूच आत घ्यायचे. सकाळी दहा-पंधरा मिनिटे, संध्याकाळी तेवढीच. पंधरा दिवस नुसते हे, एकही जनावर नाही. लोक विचारतील, कुत्र्याला कुठे फिरवताय? विचारू द्या.

मग तीन-चार शेळ्या. मोठ्या, शांत, करडू नसलेल्या. एक माणूस शेळ्यांजवळ, दुसऱ्याच्या हातात कासरा. शेळ्या चरत चरत तासापाशी येतील. शेळीचा पाय तासात पडला की ‘चल’. कुत्रे तासावरून तिच्याकडे जाईल. शेळी मान फिरवेल. मान फिरली त्या क्षणी ‘थांब’. सगळी विद्या या क्षणात आहे. शेळी वळली आणि कुत्रे थांबले, की शेळीला कळते, आत वळले म्हणजे त्रास संपतो. शेळी वळल्यावरही कुत्रे मागे लागलेच, तर ती कशाला वळेल? ती जीव घेऊन पळेल, आणि बहुधा तुरीतच पळेल. म्हणजे कुत्र्याबरोबर तुम्ही शेळ्यांनाही शिकवत असता. काही दिवसांनी शेळ्या तास बघूनच वळायला लागतात आणि कुत्र्याला नुसते उभे राहिले तरी पुरते.

एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात, म्हणून नीट ऐका. जनावराचा खांदा म्हणजे तराजूचा काटा. खांद्याच्या पुढे, डोक्याच्या बाजूला कुत्रे आले की जनावर मागे फिरते. खांद्याच्या मागे, शेपटीकडे आले की जनावर पुढे चालते. तुम्ही बैल हाकताना मागे चालता आणि अडवताना तोंडापुढे जाता, तो हाच हिशेब. तोंड पिकाकडे करून उभ्या असलेल्या गाईच्या शेपटीकडून कुत्रे गेले, तर तेच तिला पिकात घालते. म्हणून ते नेहमी तासावरून, तिच्या तोंडासमोर आले पाहिजे. तासावरची पंधरा दिवसांची चाल यासाठी आहे. आणि नेमके पाठीमागे गाईला दिसत नाही. तिथून अचानक काही आले तर ती बघत नाही, लाथ मारते.

शेळीला दात लावायचा नाही, कधीच नाही. एखादी भुंक चालेल. गाय-बैलांसमोर कुत्रे वर्षाचे झाल्यावरच न्या, आणि आधी सवयीचा, शांत बैल घ्या. मारका वळू, परका मोकाट बैल, यांच्यावर शिकाऊ कुत्रे घालू नका. एक लाथ बसली तर ते कायमचे भेदरते, किंवा त्याहून वाईट, कायमचे चिडते. शिकाऊ गोऱ्हा आपण जाणत्या बैलाच्या जोडीला लावतो. गावात एक कुत्रे तयार झाले की दुसऱ्याला त्याच्याबरोबर तासावर चालवा, काम निम्मे होते.

वर्षाच्या आत दिवसभराचे काम नको. हाडे कच्ची असतात. कुत्रे दमण्याच्या आधी ‘बास’ म्हणायचे. प्रत्येक पिल्लू या कामाचे निघत नाही. सात-आठ महिन्यांचे झाले तरी धरलेले सोडत नाही, असे दिसले तर त्याला अंगणात राखणीला ठेवा आणि दुसरे बघा. त्याच्यावर राग काढू नका.

कापसात आणि ज्वारीत

तुमच्याकडे या कुत्र्याचे खरे काम कधी आहे? शेवटच्या वेचणीनंतर. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केले ते तुम्हाला सांगायला नको. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कापूस संपवा, आणि उरलेली किडकी, अर्धवट उमललेली बोंडे शेळ्या-मेंढ्यांना चारून टाका, असे नागपूरची कापूस संशोधन संस्था सांगते. सल्ला चांगला आहे. अळी बोंडासकट पोटात जाते. पण शेताच्या एका अंगाला पऱ्हाटी आणि दुसऱ्या अंगाला हरभरा. पऱ्हाटीत शेळ्या सोडायच्या आणि हरभऱ्यात जाऊ द्यायच्या नाहीत, यासाठी दिवसभर माणूस अडकतो. म्हणून बरेच जण शेळ्या सोडतच नाहीत, आणि अळी पुढच्या हंगामाची वाट बघत बोंडात झोपते. शेताच्या कडेने एक तास आणि त्यावर शिकलेले कुत्रे असेल, तर एक माणूस दुसरे काम करता करता नजर ठेवू शकतो. फवारणी झालेल्या रानात मात्र शेळीही नको आणि कुत्रेही नको. कुत्रे अंग चाटते, पायाला लागलेले औषध त्याच्या पोटात जाते.

ज्वारीत तर जनावराच्या जिवाचा प्रश्न आहे. ज्वारी काढल्यावर धसकटांना कोवळे फुटवे येतात. पाण्याचा ताण बसलेल्या, पोटरीत न आलेल्या कोवळ्या ज्वारीतही तेच विष असते. भुकेल्या गाईने चार घास भरपेट घेतले तर ती बघता बघता आडवी होते. यावर डॉक्टरकडे इंजेक्शन आहे, पण डॉक्टर वेळेत पोहोचला पाहिजे. पूर्ण वाळलेल्या कडब्याचे हे भय नाही. त्या फुटव्याच्या रानाभोवती तास काढा आणि कुत्रे तिथे उभे करा. एक गाय वाचली तर कुत्र्याचा जन्माचा खर्च निघाला.

तो खर्चही मांडू. दिवसाला अर्धा किलो ज्वारी धरा. वर्षाचे साधारण १८० किलो. २०२४-२५ साली संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता. म्हणजे सहा हजारांच्या आसपास, तोही हमीभाव बाजारात मिळाला तर. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये. कुत्र्याचे वर्षाचे धान्य माणसाच्या वीस दिवसांच्या मजुरीत बसते. यात ताक, अंडे, आमच्याकडे सुकट, असे काही घाला. नुसत्या भाकरीवर कुत्रे जगते, पण दिवसभर बांध धरत नाही. शेळी कापल्यावर कच्ची आतडी-काळीज टाकू नका, त्यातून जंताच्या गाठी होतात, त्या माणसालाही होतात. पुढच्या वेळी उत्पादन खर्चाचा तक्ता भराल तेव्हा ही भाकर वेगळ्या ओळीत लिहा. आजवर ती घरखर्चात गेली आहे.

तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढे दरवर्षी. यात काटकसर नको. कामाचे कुत्रे रानात कोल्ह्या-लांडग्यांच्या वाटेवर फिरते. कोणाला चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद-चुना-मिरची जखमेत भरायची नाही.

आमच्याकडे बिबट्या आहे. कुत्रे हे त्याचे आवडते खाणे, म्हणून रात्री आम्ही कुत्रे घरात घेतो. तुमच्याकडे जिथे बिबट्या उतरला आहे तिथे तेच करा. बांधाचे कुत्रे दिवसाचे कामगार आहे, रात्रपाळीचे नाही. वैशाखात सकाळी दहानंतर आणि चारच्या आत त्याला रानात ठेवू नका. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जिभेवाटे धापा टाकून अंग गार करते. बांधावर झाडाखाली पाण्याची कुंडी हवी. ज्वारीची धसकटे तळपायात घुसतात, संध्याकाळी चारही पाय हाताने चाचपून बघायचे, बोटांच्या मधल्या गोचिड्याही काढायच्या.

मघाशी एका ताईंनी विचारले की मोठे कुत्रे शिकते का. शिकते, पण ज्याला गुरांमागे धावायची चटक लागली आहे त्याची चटक मोडण्यात वर्ष जाते. त्यापेक्षा नवे पिल्लू बरे. हिशेब सोपा आहे. गावातली कुत्री बहुतेक भादव्यात माजावर येतात. ६३ दिवसांनी, म्हणजे कार्तिकात पिल्ले होतात. पौषात दोन महिन्यांची होतील तेव्हा घरी आणा. होळीपर्यंत चार शब्द. ज्येष्ठात नांगरट झालेली असेल, रान मोकळे असेल, पिल्लू सात महिन्यांचे असेल, तेव्हा तास काढा आणि चालायला लागा. पुढच्या मार्गशीर्षात ते वर्षाचे होते आणि तेव्हाच तुमची शेवटची वेचणी येते. कोणाच्या घरी तशी समजूतदार कुत्री असेल तर त्याला आजच सांगून ठेवा, चांगल्या कुत्रीची पिल्ले लोक डोळे उघडायच्या आत सांगून ठेवतात. कासरा मात्र जुना घ्या. नवा हाताला कापतो.